ताईंना आराम नको होता

"आज या पाठीचा निकालच लावते!" असं ताई त्या सकाळी आरशाला बोट दाखवून म्हणाल्या. "आधी लॉजच्या चादरींचा डोंगर इस्त्री करणार. मग जिना चढणार, उतरणार, परत चढणार. मग पलंगाखाली शिरून केर काढणार. आणि शेवटी उभ्या-उभ्या मोजे घालणार! बघू कोण अडवतं ते!"

कोण अडवतं ते बघायचं होतं ना त्यांना? दिवसभर तेच बघितलं.

पण आधी पाठीचं सांगते, म्हणजे मोज्यांचं एवढं काय ते कळेल. गल्लीच्या तोंडाशी ताईंचं इस्त्रीचं दुकान, वर दोन खोल्यांत बिऱ्हाड. ताई इस्त्री करायच्या आणि यजमान घड्या घालायचे. त्यांच्यासारखी शर्टाची घडी आसपास कुणी घालत नसे, म्हणून अख्खी गल्ली त्यांना घडीवाले म्हणे. घडीवाल्यांनी जन्मात इस्त्रीला हात लावला नव्हता आणि ताईंनी घडीला. संसार असा नीट वाटून घेतलेला.

पाठदुखी मात्र एकट्या ताईंच्या वाट्याला आली. कमरेच्या जरा वर, उजव्या अंगाला, कपडे वाळत घालायचा चिमटा कुणीतरी लावलाय आणि काढायला विसरलंय, असं दुखायचं. उभं राहिलं की चिमटा आवळायचा. मागं वळलं की दुसरा लागायचा. वाकून वर आलं की अख्खी दोरी कपड्यांसकट ओढल्यासारखी व्हायची. आडवं झालं तरच काय तो चिमटा सैल पडे. पण आडव्या बाईला इस्त्री करता येत नाही, यावर अजून कुणी तोड काढलेली नाही!

पट्टे बांधून झाले. शेक झाले, तेलं झाली, भिंतीला पाठ लावून करायचे व्यायाम झाले. फोटो काढले, त्यात काही दिसेना. प्रत्येक डॉक्टर फोटो उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "वयोमानानुसार आहे." लेक शाळेत होती तेव्हाही वयोमानानुसार, आता नात शाळेत जाते तरी वयोमानानुसार! या पाठीचं वय ताईंच्या आधी झालं होतं की काय कोण जाणे.

शेवटी एकदा लेक न सांगता माहेरी आली. दुकानात ताई गरम टेबलावर डोकं टेकून रडताना सापडल्या. "काही नाही गं, वाफ गेली डोळ्यात," असं त्या म्हणाल्या. लेकीनं वाफेचं काही ऐकून घेतलं नाही आणि धरून दुखण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. नुसत्या दुखण्याचे वेगळे डॉक्टर असतात हे ताईंना तेव्हा कळलं.

हे डॉक्टर फोटो न बघता ताईंकडे बघून बोलले. तिथंच ताईंना निम्मं बरं वाटलं.

"मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात," डॉक्टर म्हणाले, "आणि त्यांचं दुखणं वर मेंदूला कळवणाऱ्या बारीक नसा असतात. सुईच्या टोकाशी रेडिओलहरींनी उष्णता तयार करायची आणि ती नस भाजायची. मग दुखण्याचा निरोपच वर पोचत नाही."

"म्हणजे इस्त्रीच की!" ताई म्हणाल्या. "किती गरम करता?"

"साधारण ऐंशी अंश."

"बस? तेवढ्यानं सिल्कचीसुद्धा सुरकुती जायची नाही, डॉक्टर!"

"नसेला पुरतं. मात्र नस पुन्हा वाढते. वर्षा-दीड वर्षानं दुखणं परत येऊ शकतं."

"सुरकुती येतेच परत. मग पुन्हा इस्त्री. त्याचं काय एवढं!" ताईंना हा उपाय एकदम आपला वाटला.

पण डॉक्टरांची एक अट होती. "भाजायच्या आधी चाचणी. त्याच नसांपाशी बधिर करायचं इंजेक्शन देतो. असर काही तासच राहील. तेवढ्या वेळात आराम अजिबात करायचा नाही. जे जे केल्यावर दुखतं ते सगळं मुद्दाम करून बघा आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगा. दुखणं निम्म्याहून जास्त गेलं तर आपली नस सापडली."

"आणि नाही गेलं तर?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "तर मग माझ्याकडे दुसरं काही नाही, ताई."

हे ताईंनी घरी कुणाला सांगितलं नाही. आणखीही एक सांगितलं नाही. चाचणी फसली तर दुकान आवरायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. टेबलं कुणाला द्यायची तेही ठरलं होतं. इस्त्री मात्र कुणालाच द्यायची नव्हती. ती माळ्यावर ठेवायची.

म्हणून त्या सकाळी ती बोट दाखवून केलेली गर्जना!

आता गंमत अशी, की या घरात ताईंचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. फक्त एक विषय सोडून. स्वतःच्या तब्येतीबद्दल ताई जे बोलतील ते सपशेल खोटं धरायचं, असा घरचा कायदाच होता. आणि तो ताईंनीच करायला लावला होता. ताप भरला तरी, "डॉक्टरच म्हणाले, काम केलं की घाम येतो नि ताप उतरतो." घोटा मुरगळला तरी, "डॉक्टरांनीच सांगितलंय, उभं राहिलं की सूज ओसरते." असले डॉक्टर कुठल्या कॉलेजात शिकले, हे घडीवाल्यांनी बरीच वर्षं विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं.

तर इंजेक्शन झालं. पालथं झोपवून, पडद्यावर बघत, डॉक्टरांनी बारीक सुया घातल्या. ना भूल, ना काही. ताई टेबलावरून उतरल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "येते हं. चादरी वाट बघतायत."

"शाब्बास! असंच पाहिजे," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

हे 'शाब्बास' ऐकायला घडीवाले तिथं असते तर पुढचं रामायण टळलं असतं. पण ते खाली टॅक्सी अडवून धरत होते. दारात त्यांना भेटली नर्स, आणि ती बिचारी जाता-जाता सगळ्यांनाच म्हणते तसं म्हणाली, "आज जरा जपा हं यांना."

झालं! ज्या माणसानं लग्नापासून बायकोला "उठलीस का?" याच्यापलीकडे तब्येतीचं काही विचारलं नव्हतं, त्यानं त्या दिवशी जपायचं मनावर घेतलं. आणि घडीवाले एखादी गोष्ट मनावर घेतात तेव्हा तिच्या चारी कडा जुळवूनच सोडतात.

टॅक्सीतून ताई उतरतायत तोच समोर प्लास्टिकची खुर्ची! खुर्चीच्या एका बाजूला समोरच्या घरातले कंपाउंडरकाका. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गळ्यात स्टेथोस्कोप असल्यासारखे चालायचे. जिन्याच्या वरच्या पायरीवर घडीवाल्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे आक्का. पदर खोचलेल्या आणि हातात गरम पाण्याची पिशवी.

"बसा," कंपाउंडरकाका म्हणाले.

"कशाला? जिना मला स्वतः चढायचाय! तोच तर चढायचाय!"

"हो, हो. चढाल. आधी बसा."

"अहो, डॉक्टरांनीच सांगितलंय, जिना चढा, वाका, काम करा, आराम करू नका!"

घडीवाल्यांनी कंपाउंडरकाकांकडे पाहिलं. काकांनी आक्कांकडे पाहिलं. आक्का वरून म्हणाल्या, "घ्या! हिचे डॉक्टर आले पुन्हा!"

"आणि भूल उतरताना पेशंट असाच बरळतो," काकांनी शास्त्र सांगितलं. "मी आयुष्यभर बघितलंय."

"मला भूल दिलेली नाहीये!"

"हेच. अगदी हेच म्हणतात सगळे."

आणि ताई खुर्चीसकट हवेत गेल्या! चाचणीतला पहिला पेपर जिना. तो त्यांनी दोन पुरुषांच्या खांद्यावर बसून दिला. वळणावर खुर्ची अडकली. काका म्हणे डावीकडे घ्या, घडीवाले म्हणे उजवीकडे, आणि खुर्ची कठड्यावर तिरकी लटकलेली. ताईंना खालच्या मजल्यावरच्या खिडकीत एक मांजर दिसलं. त्या मांजराकडे बघत त्या मनात म्हणाल्या, निदान पडले तरी पाठीचं काहीतरी कळेल! पण पडल्या नाहीत. आक्कांनी वरून खुर्चीचा पाय धरून खेचलं.

पलंगावर तीन उश्या रचलेल्या होत्या. ताईंना त्यात रोवलं गेलं. पायाशी गरम पिशवी, उशाशी पाणी, आणि दाराशी स्टूल टाकून आक्का.

"मोजे द्या," ताई म्हणाल्या.

"थंडी वाजतेय?"

"नाही. उभं राहून घालायचेत."

आक्कांनी मोजे आणले आणि स्वतःच्या हातानं ताईंच्या पायांत घातले. वर पांघरूण ओढलं. ताईंनी डोळे मिटले. आतून असा एक हुंदका आला, की तो हसण्याचा होता की रडण्याचा ते त्यांचं त्यांना कळलं नाही. इतकी वर्षं सणकून दुखत असताना एकानंही कधी म्हटलं नाही, की तू बस, मी करतो. आणि आज, एकच दिवस, काही तास उसने मिळालेत, तर हे सगळे मिळून ते तास उश्यांमध्ये कोंबून बसलेत!

"अहो," त्यांनी घडीवाल्यांना हाक मारली. आवाज मुद्दाम शांत ठेवला. "तुमचा माझ्यावर विश्वास आहे ना?"

"शंभर टक्के."

"मग मला खाली जाऊन इस्त्री करू द्या."

"तब्येतीत नाही," घडीवाले म्हणाले.

"डॉक्टरांना फोन लावा! लावाच! स्पीकरवर टाका!"

फोन लावला. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. फोन उचलला स्वागतकक्षातल्या मुलीनं.

"अहो, ते पाठीत इंजेक्शन दिलेल्या बाई आहेत ना," घडीवाले म्हणाले, "त्या उठून काम करायचं म्हणतायत. चालेल का?"

"काऽम?" ती मुलगी एवढ्यानं ओरडली की फोन टेबलावर थरथरला. "अजिबात नाही! पेशंटला आराम द्या. उठू देऊ नका. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो!"

फोन बंद. आक्कांनी स्टूल दाराच्या आणखी जवळ ओढलं.

ताई बाथरूमला जायचं म्हणाल्या. म्हटलं, आत कोंडून घेऊन निदान दोनदा वाकू तरी! आक्का आत आल्या. "आक्का, निदान पाठ तरी करा तिकडे!" आक्कांनी पाठ केली, पण हात ताईंच्या दंडावरून काढला नाही.

इकडे खाली वेगळंच शिजत होतं. घडीवाल्यांनी दुकान बंद करून पाटी लावली होती. एरवी या दुकानाला कधी पाटी लागत नसे, कारण ते कधी बंदच नसे. त्यामुळे पाटीवर काय लिहायचं याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी लिहिलं, 'ताईंमुळे दुकान बंद. कृपया सहकार्य करावे.' ताईंना काय झालं हे लिहायला जागा उरली नव्हती, ती जागा गल्लीनं भरून काढली.

आधी दूधवाली येऊन तोंडाला पदर लावून गेली. मग लॉजचा मॅनेजर जिन्यात चपला काढून वर आला. ताई बसलेल्या दिसल्यावर तो एवढा दचकला की "वा! वा!" असं काहीतरी म्हणून उलट्या पावली गेला. त्याच्या मागोमाग बँडमास्तर! यांच्या वादकांचे लाल डगले ताईंकडेच इस्त्रीला यायचे, आणि त्याच संध्याकाळी कुठल्याशा उद्घाटनाला वाजवायचं होतं. डगले खाली गाठोड्यात, दुकानाला कुलूप, आणि दारावर ती पाटी. बँडमास्तरांनी टोपी काढून छातीशी धरली आणि घडीवाल्यांचा हात हातात घेतला.

"डगल्यांचं राहू द्या हो. आम्ही चुरगळलेलेच घालू. पण ताईंसाठी आम्ही वाजवणार. मनापासून वाजवणार. फक्त वेळ सांगा."

"कसली वेळ?"

"म्हणजे… कधी न्यायचं ठरलंय?"

वरून ताई ओरडल्या, "मी जिवंत आहे हो मास्तर! आणि तुमचे डगले आजच होणारेत! मला खाली येऊ द्या!"

बँडमास्तर पांढरेफटक पडले. "आवाज तर ताईंचाच!"

"बरळतेय," आक्का वरून म्हणाल्या.

सगळा उलगडा झाल्यावर बँडमास्तरांचा जीव ताईंवरून उडून पुन्हा डगल्यांवर बसला. त्यांचा चेहरा बघून घडीवाल्यांना कसंतरी झालं. त्यांनी कुलूप उघडलं. बायकोला उठवायचं नाही, गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. मग उरलं कोण? घडीवाल्यांनी बाह्या सरसावल्या आणि जन्मात पहिल्यांदा इस्त्रीची कळ दाबली.

ताई वर छताकडे बघत पडल्या होत्या. पाठ दुखत नव्हती. पण त्याचा काय उपयोग? पडल्यावर ती तशीही दुखत नसे! हे म्हणजे पोहायला येतं का ते बघायला गादीवर झोपवल्यासारखं झालं. खिडकीतलं ऊन पलंगावरून सरकत भिंतीवर चढलं होतं आणि त्याच्याबरोबर इंजेक्शनही उतरत चाललं होतं. माळ्यावर इस्त्री कुठल्या कोपऱ्यात ठेवायची, इथवर ताईंचे विचार पोचले.

आणि तेवढ्यात वास आला.

इस्त्री करणाऱ्या बाईचं नाक वेगळं असतं. कापड तापल्याचा वास निराळा, पिवळं पडतानाचा निराळा, आणि जळायच्या आधी जो एक क्षण असतो त्याचा तर अगदीच निराळा. ताईंना त्या क्षणाचा वास आला.

"डगला!" त्या किंचाळल्या.

पुढचं आक्कांना अजून नीट सांगता येत नाही. पांघरूण उडालं, गरम पिशवी भिंतीवर आपटली, स्टूल आडवं झालं आणि स्टुलावरच्या आक्का पलंगावर बसलेल्या सापडल्या! ताई मोज्यांनिशी जिन्यावर. दोन-दोन पायऱ्या गाळत खाली. जिन्याच्या तोंडाशी लॉजच्या चादरींचं गाठोडं पडलं होतं, त्यावरून उडी! समोर घडीवाले दोन्ही हात वर करून उभे, आणि टेबलावर डगल्याच्या पोटावर इस्त्री आपली बसलेली, जणू तिलाही आज आराम सांगितलाय!

ताईंनी एका हातानं ती अवजड इस्त्री उचलली, टेबलाखाली वाकून प्लग उपटला, गर्रकन मागं वळून पाण्याचा तांब्या घेतला आणि डगल्यावर ओतला. चर्र झालं. डगल्याच्या पोटावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता, अगदी टोकासकट.

"अहो, उचलायची असते! बोलता-बोलता उचलून ठेवायची असते ती!"

"मी बटण बघत होतो," घडीवाले म्हणाले. "त्याच्या कडेनं कसं जायचं ते."

"आणि तोवर ही बसलेली? व्हा बाजूला! मास्तर, दुसरा डगला द्या! हा कुणाचा?"

"ढोलवाल्याचा," बँडमास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

"मग रडता कशाला? पुढं ढोलच असतो! कोण बघतंय!"

नि ताई सुटल्या. बँडमास्तर डगले देतायत, ताई इस्त्री मारतायत, घडीवाले घडी घालतायत, आणि दोघांच्या डोक्यावर ताईंच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. आक्का खाली येऊन पोचल्या तेव्हा शेवटच्या डगल्याची कॉलर चालली होती. बँडमास्तर गाठोडं छातीशी धरून पळाले. आक्का आणि काकांनी ताईंना पुन्हा खुर्चीत घातलं, पुन्हा वर नेलं, पुन्हा उश्यांत रोवलं. या वेळी वळणावर खुर्ची अडकली नाही. सरावानं माणूस शिकतो.

संध्याकाळी आक्का घरी गेल्या आणि ताई हळूच उठल्या. मोजे काढले. आता शांतपणे, ठरवल्यासारखं, एकेक करून बघायचं. उभं राहून पाय उचलला, आणि चिमटा लागला! जुनाच, जुन्याच जागी. मागं वळल्या, दुसरा लागला.

ताई मोजा हातात धरून पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. लांबून कुठूनतरी बँडचा आवाज येत होता. ढोल जरा जास्तच जोरात वाजत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या समोर बसल्या तेव्हा ताईंनी तयारीच केली होती. घडीवाले शेजारी, मान खाली घालून. येताना रस्त्यात ताईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. चाचणी काय होती तेही, दुकान आवरायचं तेही. त्यांनी विश्वास ठेवला, पण एक दिवस उशिरा.

"बोला, ताई. किती फरक पडला?"

"मला नाही सांगता येणार, डॉक्टर. मला कुणी काही करूच दिलं नाही. दिवसभर झोपून होते. संध्याकाळी बघितलं तर असर उतरला होता." एवढं बोलून त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमच्याकडे दुसरं काही नाही म्हणालात. बरोबर आहे. येते मी."

"थांबा. दिवसभर? एकदाही उठला नाहीत?"

"उठले ना. एकदा. पण तेव्हा दुखतंय का बघायला वेळच नव्हता. डगला जळत होता."

"कसला डगला?"

ताईंनी सांगितलं. वास सांगितला, जिना सांगितला, गाठोडं सांगितलं, इस्त्री सांगितली. डॉक्टर आधी ऐकत होते, मग पुढे झुकले.

"एक मिनिट. गाठोड्यावरून उडी मारलीत?"

"मधेच पडलं होतं, काय करणार!"

"आणि टेबलाखाली वाकलात. जड इस्त्री एका हातात घेऊन मागं वळलात. नंतर उभं राहून सगळे डगले केलेत?"

"हो. पण मी सांगितलं ना, रागात होते, मला काही…"

"ताई," डॉक्टर म्हणाले, "पाठीचं काय झालं?"

ताई आठवू लागल्या. त्यांनी जिना आठवला. उडी आठवली. टेबलाखालचा प्लग आठवला. सगळीकडे शोधलं. चिमटा कुठंच सापडेना!

"नाही दुखलं," असं त्या बोलणार होत्या, पण त्यांच्या आधी घडीवाले बोलले. मान खालीच होती.

"तिचे दोन्ही हात टेबलावर होते, डॉक्टर."

"म्हणजे?"

"एरवी एकच असतो. उजव्या हातात इस्त्री, आणि डावा मागं, असा, कमरेवर. नेहमी. किती वर्षं झाली, घडी घालताना मी समोरून बघतो. काल डावा हात कमरेवर गेलाच नाही. कापड धरायला होता. मी म्हटलं, असं कसं? पण ती एवढी ओरडत होती, विचारणार कुठं!"

ताईंनी घडीवाल्यांकडे बघितलं. या माणसाला आपली पाठ दुखते हे ठाऊक नाही, असं त्या इतकी वर्षं समजत होत्या.

"सांगायचं नाही का कधी?" त्या हळूच म्हणाल्या.

"तू म्हणायचीस, काही नाही, बरी आहे. मी म्हटलं, असेल."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण उघडलं. "नस सापडली," ते म्हणाले.

आणि ठरल्या दिवशी नस भाजलीसुद्धा! ताई पालथ्या पडून उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "डॉक्टर, बोलता-बोलता विसरू नका हं. वेळेवर उचला!" डॉक्टरांनी वेळेवर उचललं.

"आता नीट ऐका," ते नंतर म्हणाले. "भाजलेली जागा काही दिवस दुखेल. फरक हळूहळू जाणवेल. आणि या वेळी खरोखर आराम. दोन-तीन दिवस काही उचलायचं नाही, वाकायचं नाही, उभं राहून काम करायचं नाही."

ताईंना इतकं बरं वाटलं! तीन उश्या, गरम पिशवी, खुर्चीतून जिना. सगळी तयारी घरी होतीच. फक्त मागच्या वेळी दिवस चुकला होता.

घडीवाले खाली टॅक्सी धरून उभे होते.

घरापाशी टॅक्सी थांबली. खुर्ची नव्हती. दुकान सताड उघडं होतं, टेबलं पुसलेली, इस्त्री तापत ठेवलेली. बाजूला गाठोड्यांचे डोंगर! लॉजच्या चादरी, बँडचे झाडून सगळे डगले, आणि आक्कांनी स्वतःच्या घरचे पडदेसुद्धा काढून आणले होते. आक्का स्टुलावर पाय पसरून बसल्या होत्या, शेजारी कंपाउंडरकाका.

"ये गं!" आक्का म्हणाल्या. "मागच्या वेळी चुकलो आम्ही. आज कुणी म्हणजे कुणी तुला अडवणार नाही. कर मनसोक्त!"

"आक्का, मला आज आराम सांगितलाय."

आक्का हसल्या. काका हसले.

"खरंच! डॉक्टरांनीच सांगितलंय!"

"हिचे डॉक्टर!" आक्का म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

"फोन लावा! हॉस्पिटलला लावा, स्पीकरवर टाका!"

काकांनी फोन लावला. पलीकडून तीच मुलगी कडाडली, "पेशंटला आराम द्या! उठू देऊ नका!"

"बघा!" ताई म्हणाल्या.

"अहो ताई," कंपाउंडरकाका प्रेमानं म्हणाले, "हे तर त्या सगळ्यांनाच सांगतात."

ताईंनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा डगल्यांकडे. बोलायचं त्राण नव्हतं. टोचलेली जागा ठणकायला लागली होती. त्यांनी उजव्या हातानं इस्त्री उचलली, आणि डावा हात आपसूक मागं गेला, कमरेवर.

घडीवाल्यांच्या हातातली चादर तशीच राहिली. त्यांनी तो हात पाहिला. मग काही न बोलता टेबलाला वळसा घालून आले आणि ताईंच्या हातातून इस्त्री काढून घेतली.

"खरं बोलतेय ती," ते आक्कांना म्हणाले. "आक्का, वर घेऊन जा तिला. तू झोप गं. मी करतो."

"तुम्ही?" ताईंनी पुन्हा इस्त्रीकडे हात नेला. "अहो, नको! राहू द्या! तसेच राहू द्या!"

"जमेल मला. उचलून ठेवायची असते. कळलंय."

ताईंना वर नेलं. तीन उश्या आल्या, गरम पिशवी आली, आणि आक्का मुकाट्यानं दाराशी बसल्या. खालून घडीवाल्यांची शीळ ऐकू येत होती. काम मनासारखं चाललं की ते शीळ घालायचे. थोड्या वेळानं शीळ थांबली. बहुधा कुठलंसं बटण लागलं असावं.

आणि वास आला.

कुणाचा डगला ते ताईंनी बघून ओळखलं असतं, वासावरून ओळखता येईना. ढोलवाल्याचा असला तर ठीक होतं. पण बँडमध्ये ढोल एकच असतो, आणि बासरीच्या मागं काही लपत नाही.

ताईंनी एक उशी उचलली, नाकावर गच्च दाबून धरली, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आराम केला.